‘सरकार’ म्हणजे नेमके कोण? : तौलनिक राजकारणाच्या मूलभूत संकल्पना

(बेलपाडा, ता. पनवेल, जि. रायगड येथे तरुण मतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पनवेल तालुक्याच्या मुंबईकडील टोकाला वसलेल्या बेलपाडा गावाचे नाव १७ नोव्हेंबर २०२३ पासून एका मेट्रो स्थानकाच्या पाटीवर झळकू लागले. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गावरील ते एक स्थानक होय. ज्या परिसरात तीन पिढ्यांपूर्वी भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर आगरी-कोळी समाजाचा चरितार्थ चालत असे, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. हा पालट ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ती वडीलधारी मंडळी अद्याप गावोगाव भेटतात. त्यांच्या बोलण्यात चार वाक्ये हटकून येतात : सरकारने जमीन घेतली, सरकारने रस्ते केले, सरकार ऐकत नाही, आणि, आता सरकार बदलले.

चारही वाक्यांत शब्द एकच आहे, परंतु त्याचा अर्थ मात्र चार ठिकाणी चार आहे. जमीन घेणारे सरकार निराळे, रस्ते करणारे निराळे, ज्याच्यापर्यंत गाऱ्हाणे पोचत नाही ते निराळे आणि निवडणुकीनंतर बदलते ते आणखी निराळे. हा भेद ज्यास उमगला त्यास कोणते गाऱ्हाणे कोणत्या दारी न्यावयाचे हे कळते. ज्यास उमगला नाही तो आयुष्यभर चुकीचे दार ठोठावीत राहतो. तौलनिक राजकारण या शास्त्राचा आरंभ नेमका येथून होतो. परदेशांच्या राज्यघटना पाठ करणे म्हणजे हे शास्त्र नव्हे. निरनिराळ्या समाजांनी सत्तेची मांडणी कशी केली आणि तिचा परिणाम सामान्य माणसावर काय झाला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहणे, हा त्याचा गाभा आहे.

एका शब्दाची तीन अंगे

या शास्त्रात प्रथम तीन संकल्पना वेगळ्या कराव्या लागतात : राज्यसंस्था, राजवट आणि सरकार.

ठराविक भूप्रदेशावर अंतिम अधिकार सांगणारी कायमस्वरूपी यंत्रणा म्हणजे राज्यसंस्था. जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी १९१९ मधील एका व्याख्यानात तिची ओळख सांगितली ती अशी की, आपल्या प्रदेशात बळाचा वापर करण्याचा अधिकृत मक्ता एकट्या राज्यसंस्थेकडे असतो. न्यायालये, पोलीस, महसुली दप्तर व सैन्य ही तिची अंगे होत. मंत्री येतात आणि जातात. तलाठ्याचे दप्तर मात्र चालूच राहते.

सत्ता कोणी मिळवावी, कोणत्या नियमांनी चालवावी आणि ती कशी सोडावी हे ठरविणारी चौकट म्हणजे राजवट. राजेशाही, लष्करशाही, एकपक्षीय सत्ता, संसदीय लोकशाही या सर्व राजवटी होत. त्या चौकटीत एखाद्या काळापुरती सत्ता हाती असणारी मंडळी म्हणजे सरकार.

फ्रान्सचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होतो. १७८९ च्या क्रांतीनंतर तेथे राजेशाही, साम्राज्य आणि प्रजासत्ताक अशा अनेक राजवटी आल्या. सांप्रतचे पाचवे प्रजासत्ताक १९५८ मधील आहे. राजवटी पालटल्या, परंतु फ्रेंच राज्यसंस्था टिकली. इटलीत याच्या उलट घडले. १९४६ मध्ये स्थापन झालेले प्रजासत्ताक तसेच राहिले आणि त्याच्या छायेखाली साठांहून अधिक मंत्रिमंडळे झाली. सोव्हिएट संघात मात्र १९९१ मध्ये सरकार व राजवट यांच्यासह राज्यसंस्थाच लयास गेली.

राष्ट्र ही याहून वेगळी गोष्ट आहे. आपण एक आहोत अशी भावना बाळगणारा समाज म्हणजे राष्ट्र. १७९५ ते १९१८ या काळात पोलंडचे राज्य नकाशावर नव्हते, तरी पोलिश राष्ट्र जिवंत होते. एका राष्ट्रातही समाजाची भाषा आणि कारभाराची सीमा यांचा मेळ बसविण्याचा प्रश्न उभा राहतो. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, परंतु मराठी जनतेने ते मनोमन स्वीकारले नाही आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. सीमा कागदावर आखता येते. तिला मान्यता मात्र माणसांच्या मनातून मिळावी लागते.

तुलना कशासाठी?

पदार्थविज्ञानाचा अभ्यासक प्रयोगशाळेत एक घटक बदलून परिणाम पाहतो. राज्याभ्यासकास समाजावर असा प्रयोग करता येत नाही. यास्तव तो तुलनेचा आश्रय घेतो. अ‍ॅरिस्टॉटलने १५८ राज्यघटनांची माहिती संकलित करविली होती, ती याच हेतूने. पुढे १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी तुलनेचे नियम सांगितले. दोन ठिकाणच्या बहुतेक गोष्टी सारख्या असून एखादीच निराळी असेल आणि परिणाम भिन्न दिसत असेल, तर त्या निराळ्या गोष्टीकडे प्रथम लक्ष द्यावे, हा त्यांपैकी एक होय.

या नियमासाठी रायगड जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले. आजच्या जिल्ह्याचा काही भाग ब्रिटिश मुलखात होता, तर मुरुड-जंजिऱ्याचा भाग १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत नवाबाच्या संस्थानात होता. किनारा, पाऊस, भाताचे पीक आणि बोली यांत फारसे अंतर नव्हते. राजवट मात्र भिन्न होती.

ब्रिटिश मुलखातील अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते होते. परकी राजवट असूनही १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळासाठी १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. मताधिकार मर्यादित होता. बहुसंख्य कुळांना व स्त्रियांना तो नव्हता. तरीही एक फट उघडली गेली होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्या विधिमंडळात मांडले. विधेयक संमत झाले नाही. परंतु शेताच्या बांधावरचा प्रश्न कायदेमंडळाच्या दप्तरात दाखल झाला. संस्थानी मुलखातील रयतेस त्या विधिमंडळासाठी मतच नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती नाहीशी करणारा कायदा झाला. एवढ्या एका उदाहरणावरून मोठा सिद्धान्त काढणे घाईचे ठरेल, परंतु पुढे विचारावयाचा प्रश्न त्यातून निश्चित मिळतो : दुःख सारखेच असले तरी ते वर पोचविण्याची वाट कोणत्या राजवटीत आहे व कोणत्या राजवटीत नाही?

सत्ता आणि अधिमान्यता

दुसऱ्याकडून, एरवी त्याने न केलेली गोष्ट करवून घेण्याचे सामर्थ्य म्हणजे सत्ता, अशा आशयाची व्याख्या अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट डाल यांनी केली. परंतु केवळ सत्तेच्या जोरावर कोणतीही राजवट फार काळ सुखाने नांदत नाही. ही सत्ता योग्य आहे आणि तिचे ऐकणे आपले कर्तव्य आहे असे लोकांस वाटणे, यास अधिमान्यता म्हणतात. वेबर यांनी तिचे तीन उगम सांगितले : परंपरा, नेत्याचे असामान्य व्यक्तिमत्त्व आणि कायद्याची चौकट. आधुनिक लोकशाही प्रामुख्याने तिसऱ्यावर उभी असते.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. एखादी गोष्ट कायदेशीर आहे एवढ्याने ती अधिमान्य ठरते काय? नवी मुंबईचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पाखाली आल्या. हे भूसंपादन १८९४ च्या कायद्याखाली झाले. तो कायदा परक्या राजवटीने केलेला होता. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्थेस असतो; परंतु त्या कायद्यात जमीनधारकास हरकत घेण्याची व भरपाई मागण्याची सोय असली तरी त्याची संमती आवश्यक नव्हती. विधिमंडळ लोकांनी निवडलेले होते, राजवट लोकशाहीची होती. हाती आलेले हत्यार मात्र जुन्या राजवटीचे होते.

शेतकऱ्यांचा असंतोष वाढत गेला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत परिसरातील गावे त्यांचे स्मरण करतात. या बलिदानानंतर जी चर्चा झाली तिच्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ धारकास परत देण्याचे तत्त्व आकारास आले आणि नव्वदच्या दशकात त्याच्या अंमलबजावणीस वेग आला. पुढे संसदेने २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा केला. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या मूळ अधिनियमाने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक ठरविले आणि खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट घातली. निव्वळ शासकीय प्रकल्पांना ही अट नाही, हेही ध्यानी ठेवावयास हवे.

या घटनाक्रमाचा बोध असा की, कायदेशीरपणा हा अधिमान्यतेचा पाया आहे, परंतु तो संपूर्ण इमारत नव्हे. १९७० साली जे केवळ कायद्याने करता आले, ते पुढे संमती विचारल्यावाचून करणे कठीण होत गेले. राज्यसंस्था तीच राहिली. तिचे नियम बदलले. नियम बदलण्याची ही क्षमता लोकशाही राजवटीचे खरे बळ होय. आणि ती क्षमता उशिरा जागी झाली तर तिची किंमत कोणास मोजावी लागते, हे जासईचे स्मारक सांगते.

कार्यकारी सत्ता कोणाच्या हाती?

राजवटींच्या तुलनेतील पुढील प्रश्न कार्यकारी सत्तेचा. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळातून येते व त्याचा विश्वास असेतोवर टिकते. ब्रिटन आणि भारत ही तिची उदाहरणे. अध्यक्षीय पद्धतीत प्रमुख स्वतंत्रपणे निवडला जातो आणि त्याची मुदत ठरलेली असते. अमेरिका हे तिचे उदाहरण. फ्रान्सने दोहोंचे मिश्रण केले. तेथे १९८६, १९९३ आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष एका गटाचा आणि संसदेतील बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी स्थिती उद्‌भवली व दोघांना एकत्र नांदावे लागले.

हा प्रयोग महाराष्ट्राच्या गावांनी व छोट्या शहरांनीही अनुभवला आहे. सरपंचाची थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद झाली व २०२२ मध्ये पुन्हा आली. नगराध्यक्षाच्या बाबतीतही २०१६, २०२० व २०२२ मध्ये असेच पालट झाले. थेट निवडलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे असे झाले म्हणजे गावच्या चावडीवर फ्रान्सचाच पेच उभा राहतो. थेट निवडीने प्रमुखास स्थैर्य लाभते. सदस्यांमार्फत निवड केल्यास प्रमुख व सभागृह यांत मेळ राहतो. दोन्हींतील गुण एकाच वेळी पूर्णपणे पदरात पडत नाहीत, म्हणून निवड करणे भाग पडते.

महानगरपालिकेची रचना याहून निराळी आहे. १८५२ सालापासून नगरपालिकेचा वारसा असलेल्या पनवेल शहरासाठी व भोवतालच्या गावांसाठी १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. महापौर नगरसेवकांनी निवडावयाचा, परंतु कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे, अशी येथील व्यवस्था आहे. तिचे मूळ मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात सापडते. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर व त्याच्या परिषदेस मंत्रिमंडळासारखे अधिकार दिले. लंडनचा महापौर २००० सालापासून थेट मतदारांकडून निवडला जातो व कारभारही तोच पाहतो. ‘महापौर’ हा शब्द तिन्ही शहरांत एक; सत्ता मात्र तीन प्रकारची. यास्तव पदाचे नाव पाहून न थांबता त्या पदाच्या हाती काय आहे ते पाहावे, हा तौलनिक अभ्यासाचा पहिला दंडक होय.

मतदानाची रीत

लोकांची इच्छा आणि सभागृहातील जागा यांच्यामध्ये निर्वाचनपद्धती उभी असते. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही ब्रिटिश पद्धत भारताने लोकसभा व विधानसभा यांसाठी स्वीकारली. ती सोपी आहे, परंतु मतांचे व जागांचे प्रमाण तीत जुळतेच असे नाही. जर्मनीत पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतील अशी तजवीज आहे. न्यूझीलंडच्या मतदारांनी १९९३ च्या सार्वमताने जुनी ब्रिटिश पद्धत सोडून जर्मनीसारखी संमिश्र पद्धत पत्करली व १९९६ पासून ती अंमलात आली.

या भेदाचे एक लहानसे रूप घराजवळही दिसते. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. पनवेल महानगरपालिकेच्या २०१७ मधील पहिल्या निवडणुकीत २० प्रभागांतून ७८ नगरसेवक निवडावयाचे होते. म्हणजे एकेका मतदारास तीन किंवा चार मते द्यावी लागली. प्रभाग मोठा झाला की एकट्या उमेदवारास घरोघर पोचणे अवघड जाते आणि पक्षाच्या चिन्हाचे महत्त्व वाढते. उलटपक्षी, एकसदस्यीय प्रभागात नाली तुंबली तर कोणास विचारावयाचे हे उघड असते; चौघांच्या प्रभागात जबाबदारी एकमेकांवर ढकलली जाण्याचा संभव राहतो. मतपत्रिकेची मांडणी हा केवळ कारकुनी तपशील नाही, हे यावरून लक्षात यावे.

अधिकारांची वाटणी

अखेरची संकल्पना एकात्म राज्य व संघराज्य यांची. ब्रिटनमध्ये संसद सर्वश्रेष्ठ आहे. तिने कायदा करून बृहत्‌ लंडन परिषद १९८६ मध्ये बरखास्त केली आणि पुढे चौदा वर्षे त्या महानगरास एकत्रित निर्वाचित संस्था नव्हती. भारतात केंद्र व राज्ये यांचे अधिकार राज्यघटनेने वाटून दिले आहेत. जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे, तर भूसंपादन समवर्ती सूचीत आहे. त्यामुळेच महाराष्ट्राला नवी मुंबईचा प्रकल्प हाती घेता आला आणि संसदेला २०१३ चा कायदा करता आला.

१९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी गाव व शहर यांना घटनात्मक स्थान दिले आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे घालून दिले. तरीही पनवेल महानगरपालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील अन्य महानगरपालिकांचीही हीच गत झाली. प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांविषयीचे प्रश्न न्यायालयापुढे होते. त्या काळात दिवे लागत होते, कर गोळा होत होता. राज्यसंस्था थांबली नव्हती. उणीव होती ती प्रश्न विचारणाऱ्या निर्वाचित प्रतिनिधींची. घटनेतील अक्षर आणि व्यवहार यांतील असे अंतर मोजणे हेही या शास्त्राचे काम होय.

चार वाक्यांचा उलगडा

आता प्रारंभीच्या चार वाक्यांकडे परत वळता येईल. ‘सरकारने जमीन घेतली’ यातील सरकार म्हणजे राज्यसंस्था. तिने ती ज्या नियमांनी घेतली ते नियम राजवटीचे. तेथे गाऱ्हाणे न्यायचे ते न्यायालयाकडे आणि कायदा करणाऱ्या सभागृहाकडे. ‘सरकारने रस्ते केले’ यातील सरकार म्हणजे कधी सिडको, कधी महानगरपालिका. तेथे हिशेब मागावयाचा तो त्या संस्थेकडे. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा प्रश्न सिडकोच्या दारचा, मालमत्ता कराचा महानगरपालिकेच्या, तर सातबाराचा महसूल खात्याच्या. ‘सरकार ऐकत नाही’ हे गाऱ्हाणे अधिमान्यतेचे आहे आणि कोणत्याही लोकशाहीने सर्वांत गंभीरपणे घ्यावे असे हेच आहे. आणि ‘सरकार बदलले’ हे चौथे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती सहजता जगातील अनेक देशांतील नागरिकांच्या वाट्यास आजही आलेली नाही.

ज्या परिसरातील आजोबांच्या पिढीला जमीन गेल्यावर नोटिशीचा अर्थ लावण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागले, त्याच परिसरातील नातवंडे आज राज्यशास्त्राची पुस्तके हाती घेऊन परीक्षांना बसत आहेत. त्या पुस्तकांतील शब्द परीक्षेपुरते न ठेवता पुढची नोटीस, पुढची ग्रामसभा वा प्रभागसभा आणि पुढचे मतदान यांवेळी ते उपयोगात आणले गेले, तर या शास्त्राचे सार्थक होईल. कोण निर्णय घेतो, कोणत्या नियमाने घेतो आणि तो बदलण्याची वाट कोठे आहे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागलेला नागरिक हाच लोकशाही राजवटीचा सर्वांत भरवशाचा रक्षक होय.

जय हिंद! जय महाराष्ट्र!